शेकोटीच्या फळीतून निघालेली गिटार

ऑगस्ट 1963. लंडनमधला सोळा वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील एका मोडीत निघालेल्या शेकोटीची महोगनी फळी घेऊन बसले. गिटार विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून ती घरीच करायची ठरली. फळीला किड्यांनी भोकं पाडली होती. ती काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. पडद्यांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं कामी आली. सूर हलवायच्या दांड्याला विणकामाच्या सुईचं टोक बसलं आणि त्याच्या यंत्रणेत मोटारसायकलच्या स्प्रिंगा. दोन वर्षं खपून तयार झालेली ही 'रेड स्पेशल' पुढे क्वीन बँडमधून गाजली. याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला! 2002 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवरही मे हीच गिटार घेऊन उभा होता.

मग चांगलं लाकूड लागतच नाही का? लागतं, पण कुठे लागतं ते स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसनं 1862 मध्ये दाखवून दिलं. त्यानं गिटारची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, फक्त वरची फळी उत्तम घेतली. आवाज घडतो तो मुख्यतः त्या फळीत, हे त्याला सिद्ध करायचं होतं. ती पुठ्ठ्याची गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

पाठीसाठी मात्र जगभरचे कारागीर आपला शिसव मागतात. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं 1969 मध्ये ब्राझीलचा रोझवूड सोडून भारतीय शिसव धरला.

गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो रेडिओ दुरुस्त करणारा. म्हणूनच असेल, त्यानं गिटारची मान चार स्क्रूंनी बसवली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. शिकाऊ हातांवर याहून मोठे उपकार कुणी केले नसतील.

आता थोडं गणित, कारण पडदे अंदाजानं बसवता येत नाहीत. तारेची मोकळी लांबी 17.817 नं भागली की पहिल्या पडद्याची जागा मिळते. उरलेली लांबी पुन्हा तितक्यानंच भागली की दुसऱ्याची. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो यांनी सोळाव्या शतकात यासाठी 18 हा आकडा सांगितला होता. तो वापरला तर 650 मिलिमीटरच्या तारेवर बाराव्या पडद्यापर्यंत सुमारे अडीच मिलिमीटर चूक साठते. कानाला ती लगेच खुपते.

तार पडद्याला घासून झणझणली, की गिटारवाला कानस आणि पट्टी शोधतो. मिरजेचा कारागीर मात्र तानपुऱ्याची घोडी घासघासून हवी तशी झणझण मुद्दाम आणतो. तीच जवारी. दोन्हीकडे केसभर घासण्याचाच खेळ. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

जुने कारागीर सांधे सरसानं जोडतात तेही विचार करूनच. ऊब आणि ओल दिली की सरस सुटतो. पुढच्या पिढीला लाकूड न फोडता दुरुस्ती करता येते.

तुमच्या माळ्यावर गिटार पडून असेल तर आजच खाली काढा. तारा बदला, पडदे पुसा, मान वाकलीय का ते डोळा लावून बघा. मानेतला लोखंडी गज फिरवायची वेळ आलीच, तर आधी तारा सैल करा आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.