सालईचा डिंक आणि गुडघेदुखी: दोन पेपर शेजारी ठेवून वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "पेपर वाचतो, पण त्यात नेमकं बघायचं काय?" आज एकच विषय घेऊन ते बघू. विषय ओळखीचा आहे, सालईचा डिंक म्हणजे शल्लकी.

भोसरीत राहणाऱ्याला या विषयाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एमआयडीसीत शिफ्टभर मशीनपुढे उभं राहून पंचवीस-तीस वर्षं काढलेली माणसं इथे घरोघर आहेत. गुडघे कुरकुरायला लागले की कुणीतरी शल्लकीच्या कॅप्सूल सुचवतं. "आयुर्वेदिक आहे, घ्या बिनधास्त." पैसे खिशातून जातात आणि कधीकधी डॉक्टरांकडे जाणंही लांबतं. म्हणून "खरंच उपयोग होतो का?" हा प्रश्न फक्त परीक्षेपुरता नाही.

आधी नाव पक्कं करा

सालई म्हणजे बॉस्वेलिया सेराटा. सातपुड्यात, मेळघाटात, विदर्भाच्या कोरड्या डोंगरउतारांवर हे झाड दिसतं. खोडाला खाच पाडली की सुवासिक डिंक पाझरतो. त्याला सालई गुग्गुळ म्हणतात, पण औषधातला नेहमीचा गुग्गुळ वेगळा. तो कॉमिफोरा वायटाय या झाडाचा. कुळ एकच, झाड दुसरं. ओमान आणि सोमालियातला धूप बॉस्वेलियाच्याच इतर जातींपासून मिळतो. आणि बाजारात "लोबान" म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा स्टायरॅक्स या भलत्याच झाडाचं असतं. त्यामुळे पेपरात वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि अर्क कसा काढला हे नसेल, तर पुढचे आकडे नेमके कशाचे हेच कळत नाही.

काम कसं करत असावा?

डिंकात बॉस्वेलिक आम्लं असतात. त्यातलं सर्वांत चर्चेतलं म्हणजे एकेबीए. १९९२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की ही आम्लं ५-लिपॉक्सिजनेज या एन्झाइमला अडवतात. हे एन्झाइम सूज वाढवणारे ल्युकोट्राइन तयार करतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या सायक्लोऑक्सिजनेज या दुसऱ्या एन्झाइमवर काम करतात, म्हणजे वाट वेगळी.

पण हे काचेच्या नळीतलं झालं. तोंडाने घेतलेलं एकेबीए रक्तात फार कमी पोहोचतं; स्निग्ध जेवणासोबत घेतलं तर जास्त. म्हणजे यंत्रणा पटण्यासारखी आहे, पण तेवढ्यावर गुडघा बरा होतो असं म्हणता येत नाही. त्यासाठी माणसांवरचा अभ्यास हवा.

नागपूरचे दोन अभ्यास

असे दोन अभ्यास आपल्याच नागपुरात झाले. पहिला २००३ मध्ये 'फायटोमेडिसिन'मध्ये आला. गुडघ्याच्या संधिवाताचे ३० रुग्ण, रँडमाइज्ड, डबल ब्लाइंड. १५ जणांना आठ आठवडे अर्क, १५ जणांना प्लासिबो. मग मध्ये काही काळ औषध बंद (याला वॉशआउट म्हणतात) आणि नंतर गटांची अदलाबदल. या रचनेला क्रॉसओव्हर म्हणतात. फायदा असा की प्रत्येक रुग्ण स्वतःशीच ताडला जातो, त्यामुळे कमी माणसांत भागतं. निष्कर्ष: अर्कावर दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेमध्ये मात्र काहीच बदल नाही. हे शेवटचं वाक्य अधोरेखित करा. दुखणं कमी होणं वेगळं, झिजलेला सांधा भरून येणं वेगळं.

दुसरा २००७ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी'त आला. ६६ रुग्ण, सहा महिने, एका गटाला सालईचा अर्क, दुसऱ्याला वाल्डेकॉक्सिब. (हे औषध हृदयाच्या आणि त्वचेच्या दुष्परिणामांमुळे २००५ मध्ये अमेरिकेतल्या बाजारातून काढलं गेलं.) वाल्डेकॉक्सिबचा गुण एका महिन्यात दिसला, पण औषध चालू असेपर्यंतच टिकला. अर्काला दोन महिने लागले, पण बंद केल्यावरही महिनाभर परिणाम राहिला. मात्र हा अभ्यास ओपन होता: कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत. प्लासिबो गटही नव्हता. दुखणं रुग्णच सांगणार, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम आकड्यांत मिसळतो.

आता दोन्ही शेजारी ठेवा

खरी गंमत इथे आहे. परिणाम औषध थांबवूनही महिनाभर टिकत असेल, तर पहिल्या अभ्यासातला वॉशआउट पुरेसा होता का? नसेल, तर आधी अर्क घेतलेल्यांना प्लासिबोच्या काळातही बरं वाटत राहणार. याला कॅरीओव्हर म्हणतात. पण लगेच "अभ्यास चुकला" असं म्हणू नका, चूक कुठल्या बाजूला झुकते ते बघा. त्या गटात प्लासिबो जास्त चांगला दिसेल आणि अर्काचा फायदा उलट कमी भासेल. मुलाखतीत त्रुटी सगळेच सांगतात. तिची दिशा सांगणारा विद्यार्थी लक्षात राहतो.

लेबलकडे एक नजर

डब्यावर "६५% बॉस्वेलिक आम्लं" असं लिहिलेलं असतं. मोजलं कसं? टायट्रेशनने मोजलं तर डिंकातली सगळीच आम्लं त्यात धरली जातात. एकेबीए वेगळं मोजायला एचपीएलसी लागतं. म्हणून एका अर्काचा निकाल दुसऱ्या डब्याला तसाच लावता येत नाही.

मग घरच्यांना काय सांगायचं?

२०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात समृद्ध अर्काच्या दोन अभ्यासांत (८५ जण) ९० दिवसांनी दुखणं प्लासिबोपेक्षा १०० पैकी सरासरी १७ गुणांनी कमी आढळलं. म्हणजे आशा आहे, पण आधार लहान अभ्यासांचा आहे. कॅप्सूल घेणाऱ्याने सांधा नवा होईल ही अपेक्षा ठेवू नये. आम्लपित्त, जुलाब होऊ शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. "आयुर्वेदिक आहे" हे त्याचं उत्तर नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: २००३ चा मूळ पेपर काढा. वॉशआउट किती दिवसांचा होता, औषध कोणी पुरवलं आणि लेखक कुठल्या संस्थांचे आहेत, या तीन गोष्टी शोधा. मग निष्कर्ष पुन्हा वाचा आणि तुमचं मत पाच ओळींत लिहून काढा. मुलाखतीची तयारी इथूनच सुरू होते.