व्हीबीएसला माणसं हवीत

‘यंदा व्हीबीएस कधी?’ हा प्रश्न मुलं एप्रिलमध्ये विचारतात, त्यांच्या आया मार्चमध्ये विचारतात आणि संडे स्कूलच्या सुपरिंटेंडेंट बाई नाताळचा तारा उतरवतानाच विचारतात. व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. हे पूर्ण नाव फक्त बॅनरवर असतं; बोलताना सगळे व्हीबीएसच म्हणतात. मे महिन्यातल्या पाच ते दहा सकाळी मुलं चर्चच्या आवारात जमतात. गाणी, बायबलमधली गोष्ट, पाठांतराचं वचन, खेळ, क्राफ्ट, नाश्ता असा क्रम असतो. शेवटच्या रविवारी उपासनेत मुलांचा कार्यक्रम होतो, आजी-आजोबा मोबाइल उंच धरून शूटिंग करतात आणि पाळकसाहेब सगळ्यांचे आभार मानतात. बाकावर बसून बघणाऱ्याला वाटतं, मुलं जमली, गाणी झाली, संपलं.

नगर जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीत या कामाच्या कमिटीवर मी बरीच वर्षं आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच.) इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ थीम, बॅनर आणि टी-शर्टचा रंग यांवर जातो. शाळा मात्र उभी राहते किंवा पडते ती कोणत्या मुलांपुढे कोण माणूस बसवला यावर.

पहिली कसरत तारखेची. पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलअखेरपर्यंत लांबतात आणि निकाल 1 मेच्या सुमारास लागतात. जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा उघडतात. मधल्या काळात निम्मी मुलं मामाच्या गावाला जातात आणि पुण्या-मुंबईची तेवढीच भाचरं इकडे येतात. त्यात ईस्टर दरवर्षी सरकतो. तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. 2025 मध्ये तो 20 एप्रिलला होता, 2026 मध्ये 5 एप्रिलला. ईस्टर उशिरा आला की दुःखसहनाच्या आठवड्यात रोज उपासना आणि गायनाची प्रॅक्टिस करून थकलेली तीच मंडळी लगेच व्हीबीएसला जुंपावी लागतात. शिवाय उपवासकाळात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत. ती सगळी ईस्टरनंतर एकदम लागतात, त्याच चर्चमध्ये आणि बऱ्याचदा त्याच टीचरच्या घरची. म्हणून तारीख ठरवायला बसताना कॅलेंडरसोबत चर्चच्या लग्नाच्या बुकिंगची वहीसुद्धा समोर लागते.

ही शाळा मुळात निघाली तीच मोकळ्या माणसांच्या जोरावर. रविवारची शाळा जुनी आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये गरीब मुलांसाठी ती सुरू केली. सुट्टीतली शाळा त्यानंतर शंभरेक वर्षांनी आली. 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात हॉज नावाच्या बाईंना उन्हाळ्यात रस्त्यावर हुंदडणारी मुलं दिसली. त्यांनी चक्क एक बिअरचा गुत्ता भाड्याने घेतला आणि तिथे मुलांची शाळा भरवली. पुढे रॉबर्ट बोव्हिल यांनी त्याच शहरात हे काम वाढवलं आणि त्याची देशभराची संघटना बांधली. त्यांचा हिशोब साधा होता. उन्हाळ्यात मुलं रिकामी, चर्चच्या इमारती रिकाम्या आणि कॉलेजचे विद्यार्थीही रिकामे. तिघांना एकत्र आणा.

आमच्याकडे या हिशोबातली इमारत लग्नांमुळे रिकामी नसते आणि विद्यार्थी दिसतात तेवढे रिकामे नसतात. बारावीनंतरच्या सीईटी आणि नीट नेमक्या याच दिवसांत येतात. डी.एड. झालेली मुलगी नोकरीच्या मुलाखतींना जाते. हॉस्पिटलात नर्स असलेल्या आमच्या बहिणी नाइट ड्युटी उतरून थेट वर्गावर येतात आणि दुपारी झोपतात. त्यांच्या ड्युटीचं पत्रक हाती आल्याशिवाय आमचं पत्रक बनत नाही. खरा आधार असतो जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेल्या बाई आणि गुरुजींचा. त्यांचा घसा आणि गुडघे कुरकुरतात, पण चाळीस मुलं नुसत्या नजरेने बसवण्याची कला त्यांच्याकडेच आहे.

माणसं मिळवण्याची प्रचलित पद्धत म्हणजे उपासनेनंतरच्या सूचना. ‘ज्यांना सेवा करण्याची इच्छा आहे त्यांनी सेक्रेटरींकडे नावं द्यावीत.’ या सूचनेला दरवर्षी तीच चार नावं येतात आणि त्यातली दोन गाणं बसवायलाच उत्सुक असतात. सुपरिंटेंडेंट बाई सूचनेवर विसंबत नाहीत. त्या फेब्रुवारीपासून घरोघरी जातात, चहा घेतात आणि काम नेमकं सांगतात. ‘तुम्ही मदत कराल का?’ असं त्या कधीच विचारत नाहीत. ‘मावशी, सोमवार ते बुधवार, सकाळी साडेसात ते साडेअकरा, पहिली-दुसरीच्या वर्गात नुसतं मागे बसायचं. गोष्ट दुसरी टीचर सांगेल. कोणाला शू लागली, कोणी रडलं, तर तुम्ही बघायचं.’ एवढं ऐकल्यावर मावशींना हो म्हणता येतं, आणि नाहीसुद्धा म्हणता येतं. नाही म्हटलं तर बाई खूश होऊन उठतात. मार्चमधला नकार त्यांना मेमधल्या दांडीपेक्षा केव्हाही परवडतो.

त्यांच्या वहीत नावांसमोर तीन खुणा असतात. काहींना स्टेज आवडतं, काहींना मुलं आवडतात, काहींना याद्या आवडतात. स्टेजवाल्यांना ॲक्शन साँग आणि असेंब्ली, मुलंवाल्यांना वर्ग, यादीवाल्यांना नोंदणी, सामान आणि हिशोब. मंडळीतला सगळ्यात गोड गळ्याचा तरुण नर्सरीच्या वर्गात बसवला की तोही हैराण होतो आणि मुलंही. उलट कोणाशी दोन शब्द न बोलणारे बँकेतले एक काका सामानाच्या खोलीत असे रमतात, की दहा दिवसांत एक कात्री हरवत नाही.

वर्गांची विभागणी ठरलेली: शाळेआधीची आणि बालवाडीतली, पहिली-दुसरी, तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी. लहानांच्या वर्गात साधारण आठ मुलांमागे एक टीचर आणि एक मदतनीस लागतात. मोठ्यांमध्ये पंधरांमागे एक जोडी चालते. नववी-दहावीची मुलं विद्यार्थी म्हणून यायला लाजतात. त्यांना मदतनीसाचा बिल्ला दिला की सगळ्यांच्या आधी हजर. आजच्या आमच्या चांगल्या टीचर्सपैकी बहुतेक जणी अशाच बिल्ल्यापासून सुरुवात केलेल्या आहेत. म्हणून मदतनीसांची फळी ही पुढच्या पाच वर्षांची भरती असते. ती फक्त खुर्च्या उचलण्यात वापरली, तर पुढे टीचर कुठून आणणार?

प्रशिक्षण एप्रिलमधल्या शनिवारी. पुस्तकं आलेली असतात. बरेचसे धडे दुसऱ्या भाषेतून मराठीत आलेले, त्यामुळे वाक्यं जड असतात. ती तशीच वाचून दाखवली की मुलं छताचे पंखे मोजू लागतात. बाईंचा नियम असा, की प्रत्येक टीचरने पुस्तक मिटून सात मिनिटांत गोष्ट सांगायची. गेल्या खेपेला बी.कॉम.ला असलेली एक मुलगी जक्कयाची गोष्ट सांगायला उभी राहिली. ‘जक्कय हा मुख्य जकातदार असून तो श्रीमंत होता,’ अशी तिने सुरुवात केली. बाईंनी हात वर केला.

‘बाळा, जकातदार म्हणजे काय हे दुसरीतल्या पोराला ठाऊक आहे का?’

‘नाही, बाई.’

‘मग तो पुरता बुटका होता तिथून सुरू कर. रस्त्यावर गर्दी आहे. याला काही दिसेना. टाचा उंच करून दाखव. हां, आता माणसांच्या मधून डोकं घाल. कोणी सरकत नाही. का सरकत नाही? कारण यानं सगळ्यांचे पैसे खाल्लेत. आता सांग जकातदार म्हणजे काय ते.’

मुलीने बूट काढले, टाचा उंच केल्या, बाकांच्या मधून धावत जाऊन खिडकीच्या कट्ट्यावर चढली आणि तिथूनच उरलेली गोष्ट सांगितली. खोलीतली मोठी माणसंसुद्धा मान वर करून बघत राहिली. येशूला बघायला जक्कय ज्या उंबरावर चढतो, तसं झाड आमच्या चर्चच्या आवारातच आहे, तेव्हा व्हीबीएसला तो वर्ग झाडाखाली भरवायचा हे तिथल्या तिथे ठरलं. त्या सात मिनिटांत टीचरची पारख होते. गोष्ट येत नसेल तर शिकवता येते. मुलांकडे बघायचंच नसेल, तर त्या माणसाला प्रेमाने यादीच्या टेबलाकडे वळवायचं.

गाण्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो. तरुण संघाला यूट्यूबवरची बारा नवी गाणी घ्यायची असतात. मुलांना आठवड्यात चार-पाच नीट येतात, आणि त्यात मंडळीच्या गीतपुस्तकातलं एखादं असावंच. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन रुजवलं. पेटी आणि टाळ घेतले की ते भजन दुसरीतलं पोरही ताल धरून म्हणतं. शेवटच्या दिवशी मुलांसोबत आजीही गाऊ शकेल असं एक तरी गाणं हवं, एवढाच निकष.

नाश्त्याचं काम महिला मंडळाचं. शंभर मुलांना सहा किलो पोहे, हा त्यांचा अनुभवाचा आकडा. पहिल्या दिवशी पोहे, दुसऱ्या दिवशी उपमा, मग केळी-बिस्किटं, कारण रोज गॅसपुढे उभं राहणाऱ्यांनाही सुट्टी हवी. खर्च एकेका कुटुंबाकडून येतो, कोणाच्या वाढदिवसाचा, कोणाच्या स्मरणार्थ. शेंगदाण्याची ॲलर्जी नोंदणीच्या फॉर्मवरच विचारलेली असते आणि त्या मुलांची यादी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेली असते. नऊनंतर ऊन चटकू लागतं, म्हणून खेळ आधी आणि क्राफ्ट नंतर, सावलीत. क्राफ्टचं सामान वर्गवार, दिवसवार पाकिटांत आधीच भरलेलं असतं: कापलेला कार्डपेपर, आइस्क्रीमच्या काड्या, फेविकॉलची बाटली आणि वर टीचरने स्वतः बनवून पाहिलेला नमुना. नमुन्याला मोठ्या माणसाची वीस मिनिटं लागली, तर ते क्राफ्ट लहानांच्या वर्गातून बाद.

आता ज्या गोष्टीला फाटा देता येत नाही ती. कोणताही मोठा माणूस बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर राहणार नाही. वर्गात नेहमी दोन मोठे, दार उघडं. शौचालयाकडे मुलांना जोडीने न्यायचं, आणि मदतनीस दाराबाहेर थांबणार. घरी नेणाऱ्याचं नाव फॉर्मवर नसेल तर मूल सोडायचं नाही, तो सख्खा काका असला तरी आधी आईला फोन. बाललैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायदा 2012 चा आहे. असा गुन्हा घडल्याचं कळल्यावर तो पोलिसांना न कळवणं हासुद्धा त्या कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक टीचरला प्रशिक्षणातच सांगितलं जातं. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो. सुरुवातीला काही ज्येष्ठांना हे खटकलं. ‘आपल्याच मंडळीत संशय कशाला?’ असं ते म्हणायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं: ‘नियम सगळ्यांना सारखा असला की संशय कोणावरच राहत नाही.’ मंडळीबाहेरच्या घरांतली मुलंही मित्रांबरोबर येतात. त्यांच्या आईवडिलांना इथे बायबलच्या गोष्टी सांगितल्या जातात हे स्पष्ट सांगायचं, आणि त्यांची लेखी संमती आल्याशिवाय नाव नोंदवायचं नाही.

शाळा सुरू झाली की पत्रक कोलमडतंच. पहिल्या दिवशी मुलं कमी येतात, टीचर सगळे येतात. तिसऱ्या दिवसापासून मुलं मित्रांना घेऊन येतात आणि टीचर लग्नाला जातात. म्हणून प्रत्येक दोन वर्गांमागे एक माणूस मोकळा ठेवलेला असतो. त्याला पत्रकात कामच नसतं. कमिटीत दरवर्षी कोणीतरी विचारतं की हा माणूस फुकट का बसवून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी उत्तर मिळतं. मुलं घरी गेल्यावर वीस मिनिटं सगळे टीचर बसतात, प्रत्येक वर्गातलं एकच अडलेलं सांगतात आणि उद्याची पाकिटं ताब्यात घेतात. त्याच बैठकीत कळतं की चौथीतला अमुक मुलगा तीन दिवस कोणाशी बोललेला नाही. मग संध्याकाळी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन येतं.

बॅनर पुढच्या वर्षी टेबलावर अंथरला जातो. टी-शर्ट पावसाळ्यात फरशी पुसायला जातो. आपल्याला उंबराखाली गोष्ट सांगणारी कॉलेजातली ताई मुलांना पुढे कित्येक वर्षं आठवते. तेव्हा मंडळीतल्या वाचकांना एक विनंती. येत्या रविवारी सूचनांमध्ये व्हीबीएसचं नाव निघालं, तर घरी कोणी विचारायला येईपर्यंत थांबू नका. कोणते दिवस जमतील आणि कोणतं काम झेपेल हे कागदावर लिहून सुपरिंटेंडेंट बाईंच्या हातात द्या, मग ते दोनच दिवसांचे पोहे का असेनात. आणि जमणार नसेल तर तसं मार्चमध्येच सांगा.