वेग दुप्पट, धोका चौपट
धावत्या मोटारीवर कार्य करणारी बले

वसई तालुक्यातील आचोळे हे गाव आज नालासोपारा पूर्वेच्या दाट लोकवस्तीत मिसळून गेले असून वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. गावाच्या पूर्वेस काही अंतरावरून मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ जातो. आचोळ्याच्या गर्दीतून रखडत निघालेली मोटार महामार्गावर येताच ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा वेग घेते. मोटार तीच, चालकही तोच. परंतु तिच्यावर कार्य करणारी बले मात्र कितीतरी पटींनी वाढलेली असतात. ही वाढ कशी होते, हे जाणून घेणे प्रत्येक नागरिकाच्या हिताचे आहे.

हवेचा विरोध

मोटार पुढे जाताना समोरची हवा बाजूस सारते व मागे भोवरे निर्माण करते. यामुळे होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सर्वसाधारण लहान मोटारीस ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाताना हवेचा विरोध सुमारे साडेचार किलोग्रॅम वजनाइतका असतो. ताशी ७२ किलोमीटरला तो सुमारे १८, तर १०८ किलोमीटरला सुमारे ४० किलोग्रॅम होतो. रस्त्यावर फिरणाऱ्या टायरांचा विरोध मात्र सुमारे १२ किलोग्रॅमच्या आसपासच राहतो. म्हणजेच महामार्गावर इंधनाचा मोठा भाग केवळ हवा कापण्यात खर्ची पडतो. टपावर सामान बांधल्यास हा खर्च आणखी वाढतो. हवा आडवी वाहत असेल तर ती मोटारीस बाजूस ढकलते. वरसावे येथील खाडीपुलासारख्या उघड्या जागी, किंवा मोठा ट्रक शेजारून जाताना, चालकास हा धक्का जाणवतो.

टायरची पकड

वेग देणे, थांबविणे व वळविणे ही तिन्ही कामे टायर व रस्ता यांच्यामधील घर्षणानेच होतात. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्यास टेकलेला असतो. हे घर्षण चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर मोटारीच्या वजनाच्या सुमारे सात दशांश, तर ओल्या रस्त्यावर सुमारे चार दशांश असते. वेग वाढला म्हणून पकड वाढत नाही. उलट साचलेल्या पाण्यावरून वेगाने गेल्यास टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो व पकड जवळजवळ नाहीशी होते.

शंभर मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटरला मोटारीच्या वजनाच्या एक दशांश एवढे बल पुरते. ताशी ७२ किलोमीटरला चार दशांश लागते. पावसाळ्यात रस्ता देऊ शकतो ते सर्व बल एवढेच आहे. अशा वळणावर त्याच क्षणी ब्रेक दाबल्यास पकड शिल्लक राहत नाही व मोटार घसरते.

थांबण्यास लागणारे अंतर

अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सावध चालकासही सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी ७२ किलोमीटर वेगाची मोटार २० मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर आणखी २९ मीटर, म्हणजे एकूण ४९ मीटर अंतर लागते. ओल्या रस्त्यावर हे अंतर सुमारे ७१ मीटर होते, तर ताशी १०८ किलोमीटर वेगास सुमारे १४५ मीटर.

जडत्व आणि आसनपट्टा

मोटार आदळून थांबते, परंतु आतील माणूस जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने आदळणे हे वीस मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजली इमारतीवरून पडण्यासारखे आहे. हा वेग एक दशांश सेकंदात शून्यावर आला, तर ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसास थोपविण्यासाठी सुमारे १,२०० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. ते हातांनी रोखणे कोणासही शक्य नाही. आसनपट्टा ते बल छाती व कमरेच्या बळकट हाडांवर विभागतो.

याची दुःखद साक्ष याच महामार्गावर मिळाली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघेही मागील आसनांवर होते व त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. आसनपट्टा न बांधल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४-ब अन्वये एक हजार रुपये दंड आहे. मागील आसनावरील प्रवाशांसही पट्टा बंधनकारक आहे.

आपण काय करू शकतो?

निसर्गनियमांत सवलत नसते. मात्र पकड राखणे व वेग आवरणे आपल्या हाती आहे. महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींना वाहनांच्या चाकांबरोबर रस्त्यावर येणारा चिखल वेळीच दूर करविता येईल आणि वळणावर दृष्टी अडविणारी झुडपे छाटता येतील. साचणारे पाणी व पुसट झालेले फलक संबंधित अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणता येतील. शिक्षकांनी मैदानावर ४९ व ७१ मीटरच्या खुणा आखून विद्यार्थ्यांना ते अंतर चालावयास लावावे. ते अंतर ज्या मुलाने पावलांनी मोजले आहे, तो धावत्या मोटारीपुढून रस्ता ओलांडण्यापूर्वी निश्चितच थांबेल.