खाद्यतेल : वस्तुमानाचे घनफळात रूपांतर

द्रवाच्या एकक घनफळात सामावणाऱ्या वस्तुमानास त्याची घनता म्हणतात. वस्तुमानास घनतेने भागले असता घनफळ मिळते. घनफळास घनतेने गुणले असता वस्तुमान मिळते. साध्या पाण्याची घनता दर लिटरला जवळजवळ १ किग्रॅ. असल्याने किलो व लिटर यांतील भेद व्यवहारात जाणवत नाही. समुद्राचे पाणी क्षारांमुळे जड असते (सु. १·०२५ किग्रॅ.) व त्याचे १,००० किग्रॅ. सु. ९७६ लिटरच भरतात. तेल पाण्याहून हलके असल्याने तेथे प्रकार उलटा होतो.

जळगाव व धुळे या जिल्ह्यांत भुईमूग व सरकी यांचे तेल काढण्याचा धंदा जुना आहे. पूर्वी शेर हे वजनाचेही नाव होते आणि मापाचेही, त्यामुळे घोटाळ्यास वाव असे. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली. तरी किलो आणि लिटर यांची गल्लत पूर्णपणे संपली नाही. २०° से. तापमानास भुईमुगाच्या तेलाची घनता सु. ०·९१५ असते. म्हणून १५ किग्रॅ. तेल सु. १६·४ लिटर भरते. उलट, १५ लिटर तेलाचे वजन सु. १३·७ किग्रॅ.च होते. डबा लिटरचा आणि मनातला हिशेब किलोचा असल्यास गिऱ्हाइकाच्या पदरात सु. सव्वा किलो तेल कमी पडते.

शिवाय घनता स्थिर नसते. तापमान १° से. ने वाढल्यास तेलाचे घनफळ सु. ०·०७ टक्के वाढते. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा ४५° से. वर गेला की त्याच १५ किग्रॅ. तेलाचे सु. १६·७ लिटर होतात. तेल वाढलेले नसते, फक्त फुगलेले असते. मापाने घेणाऱ्याचे यात नुकसान होते. वजनाने घेणाऱ्याचे होत नाही. काही उत्पादक पिशवीवर ६०° से. सारखे तापमान छापून लिटर मोजीत. सोयाबीन तेलाचा लिटर २१° से. ला ९१९ ग्रॅ. भरतो, ६०° से. ला ८९२·६ ग्रॅ. यास्तव ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख काढून घनफळाबरोबर वजनही छापण्यास सांगितले.

अमळनेर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स (नंतरची विप्रो) या कंपनीचे वनस्पती तूप हे याहून कठीण उदाहरण होय. वनस्पती तूप वितळताना फुगते व गोठताना आकसते. त्यामुळे गरम तूप डब्यात काठोकाठ भरले, तरी थंड झाल्यावर डबा अपुरा दिसतो. असा डबा डोळ्यांनी न जोखता तराजूवरच घालावा लागतो.