रात्रीचा चेहरा : लेन्स कुठली, सेटिंग काय?

मागं बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक.

मागच्या भागात आपण दिवसाउजेडी फोटो काढताना उन्हाचं काय करायचं ते पाहिलं. आज रात्र. नुसत्या शहराच्या दिव्यांचे किंवा पुलाच्या रोषणाईचे फोटो नव्हेत, तर रात्रीच्या उजेडातला माणसाचा चेहरा. पोर्ट्रेट आणि नाइट फोटोग्राफी हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवतात. पण आपल्याकडं चेहऱ्यावर खरं तेज दिसतं ते वरातीत, जागरात, कीर्तनात, गणपतीच्या मिरवणुकीत. म्हणजे अंधार पडल्यावरच. तेव्हा दोन्ही एकत्रच शिकलेलं बरं.

सुरुवात आमच्याच एका फसलेल्या फोटोपासून करतो. आम्ही दोघं भाऊ, कोल्हापूरचे. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी नवा कॅमेरा घेऊन आम्ही तिथं गेलो, आजीला घेऊन. आजी पायरीवर बसली, समोर पणत्या मांडल्या, एकेक लावायला लागली. आम्ही कॅमेरा खालच्या दगडावर टेकवला, श्वास रोखला आणि सात-आठ फोटो काढले. "काढा रे बाबांनो लवकर, गुडघं दुखाय लागल्यात," एवढं म्हणून ती पुन्हा वाती सारखी करायला लागली. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसत होते. घरी येऊन संगणकावर उघडले, तर एकाही फोटोत आजीला चेहरा नव्हता. कपाळाच्या जागी एक पुसट पट्टा, हातांच्या जागी धूर. पुढच्या त्रिपुरारीपर्यंत आजी राहिली नाही.

आता हा फोटो नीट बघा, पडद्यावर लावलाय. यातल्या पणत्या स्वच्छ आहेत. पायरीच्या दगडाची कड स्वच्छ आहे. फक्त आजी पुसलेली आहे. याचा अर्थ काय? कॅमेरा हलला नव्हता, आजी हलली होती. रात्रीचा फोटो अस्पष्ट आला की पहिल्यांदा हे निदान करायचं. सगळंच सारखं ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला. स्थिर वस्तू स्वच्छ आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला. आणि चेहरा मऊ पण मागची भिंत किंवा पुढचा पदर स्वच्छ असेल, तर फोकस चुकला. तिन्ही रोगांची औषधं वेगळी आहेत. ट्रायपॉड आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन हे फक्त पहिल्या रोगाचं औषध. माणूस हलतो त्यावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. आम्ही त्या पहाटे दगडाचा ट्रायपॉड केला, म्हणजे ताप डोक्यात होता आणि पट्टी पायाला बांधली.

हा त्रास जुना आहे बरं का. पॅरिसमध्ये फेलिक्स नादार नावाचे मोठे छायाचित्रकार होऊन गेले. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शहराखालच्या हाडांच्या तळघरांत विजेचे दिवे घेऊन उतरले. एकेका फोटोला अठरा-अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागायचा. तेवढा वेळ जिवंत माणूस निश्चल राहणार कसा? म्हणून त्यांनी मजुराचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. आपल्याला पुतळे बसवायचे नाहीत, म्हणून आपल्याला वेळ कमी करावा लागतो.

त्या पहाटे आमची सेटिंग काय होती? कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ ची किट लेन्स, ५५ वर ओढलेली. तिथं ती लेन्स एफ/५.६ च्या पुढं उघडतच नाही. आयएसओ ४००, कारण कुणीतरी सांगितलं होतं की आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात. जवळ ठेवलेल्या पणत्यांच्या उजेडात या सेटिंगला शटर साधारण अर्धा सेकंद उघडं राहतं. अर्ध्या सेकंदात म्हातारं माणूससुद्धा मान हलवतं, वात सरळ करतं, तुमच्याकडं बघून हसतं.

आता हिशेब करू. लेन्सचा एफ-आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास. ५५ मिमी भागिले ५.६, म्हणजे छिद्र जेमतेम १० मिमीचं. याऐवजी ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स घ्या. छिद्र जवळजवळ २८ मिमीचं. दोन्ही एफ-आकड्यांचा भागाकार करून त्याचा वर्ग केला की कळतं, छोटी लेन्स सुमारे दहापट उजेड आत घेते. दहापट! आणि बहुतेक कंपन्यांच्या यादीत ही सगळ्यांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. पुढं आयएसओ ४०० वरून ३२०० केला की आठपट. दहा गुणिले आठ, ऐंशी. अर्धा सेकंद भागिले ऐंशी म्हणजे १/१६० सेकंद. तीच पहाट, त्याच पणत्या, तीच आजी, आणि चेहरा स्वच्छ.

दाणे येतील. येऊ देत. दाणेदार फोटो अल्बममध्ये राहतो, पुसलेला राहत नाही. बारा इंची प्रिंट काढली की निम्मे दाणे दिसतही नाहीत, आणि घरच्या माणसाच्या फोटोत दाणे मोजणारं माणूस आम्हाला अजून भेटलेलं नाही. उलट आयएसओ कमी ठेवून काळा फोटो काढायचा आणि नंतर संगणकावर उजळायचा, यात बहुतेक वेळा काहीच वाचत नाही. दाणे तिथंही वर येतातच.

आता लेन्स निवडण्याचं. लोक विचारतात, पोर्ट्रेटसाठी ५० की ८५? आम्ही उलटं विचारतो, तुम्ही उभे कुठं राहणार? चेहऱ्याचा आकार लेन्स बिघडवत नाही, अंतर बिघडवतं. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर धरा. मोबाइल चेहऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर धरला, तर नाक ३० वर आणि कान ४२ वर. म्हणजे कानाच्या मानानं नाक ४० टक्के मोठं दिसणार. तेच दीड मीटरवर गेलात की फरक ८ टक्क्यांवर येतो, आणि माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण समोरासमोर बोलताना आपण साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणून आधी दीड ते दोन मीटरवर उभे राहा. तिथून छातीपर्यंतचा माणूस चौकटीत बसेल ती तुमची लेन्स. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, म्हणजे ज्याला एपीएस-सी म्हणतात, ती ५० मिमी निघते. फुल फ्रेम असेल तर ८५. दोन्हींतून दृश्य साधारण सारखंच दिसतं.

घाटावर, मंडपात, गर्दीत ८५ सुद्धा कधी कधी जड जाते. तुम्ही मागं सरकलात की मध्ये चार माणसं येतात. अशा वेळी फुल फ्रेमवर ५० किंवा छोट्या सेन्सरवर ३५ ठेवा आणि चेहरा भरून घेण्याचा मोह आवरा. माणूस कमरेपर्यंत घ्या, हातातलं ताट, मागचे दिवे येऊ द्यात. अंतर तेच ठेवायचं, चौकट मोठी करायची.

एफ/१.८ ला दुसरी बाजू आहे, ती लपवणार नाही. छोट्या सेन्सरवर ५० मिमी, दीड मीटरवरून एफ/१.८ ला फोटो काढला तर स्वच्छ दिसणारा पट्टा फक्त सहा सेंटीमीटरचा असतो. मीटरभर अंतरावर आलात तर तीनच. माणूस थोडा पुढं झुकला की डोळे पट्ट्याबाहेर. 'बॅरी लिंडन' हा १९७५ चा चित्रपट पाहिलाय कुणी? स्टॅन्ली क्युब्रिक यांनी त्यातले काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले, झाइसच्या ५० मिमी एफ/०.७ लेन्सनं. ती लेन्स मुळात नासासाठी बनवलेली. आपल्या १.८ पेक्षाही साडेसहापट उजेड घेणारी. पण पट्टा इतका पातळ की नटांना जागेवरून फारसं हलता येत नव्हतं. म्हणजे बघा, नादारना वेळेनं बांधलं आणि क्युब्रिकना छिद्रानं.

म्हणून आम्ही स्वतः एफ/२ किंवा २.२ वर थांबतो. उजेड थोडा जातो, पण चुकीला जागा मिळते. फोकस नेहमी कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर. कॅमेऱ्यात डोळा ओळखण्याची सोय असेल तर चालू ठेवा. जुना कॅमेरा अंधारात पुढं-मागं घुटमळत बसतो, त्याला चष्म्याची कड, कुंकवाची रेघ, टोपीची किनार असं काहीतरी ठळक द्या. आणि एका वेळी एक फोटो काढून थांबू नका, चार-पाच काढा. नंतर पडद्यावर डोळा मोठा करून बघा. आम्ही त्या पहाटे एवढं एकच केलं असतं तरी पुरलं असतं.

सेटिंग लिहून घ्या म्हणजे घाटावर आठवत बसायला नको. मोड एम. शटर १/१२५, माणूस बोलत किंवा नाचत असेल तर १/२५०. छिद्र एफ/२. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. फाइल रॉमध्ये. आणि प्लस-मायनसचं बटण उणे एकवर. कारण मागं काळोख असला की कॅमेरा घाबरतो आणि सगळंच उजळायला जातो. मग ज्योतीच्या जागी पांढरे ठिपके आणि चेहरा पिठूळ. पहाट ही पहाटच दिसली पाहिजे, दुपारचे बारा नकोत.

रंगाचंही तेच. तेलाच्या दिव्याचा उजेड साधारण २००० केल्विन, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. ऑटो व्हाइट बॅलन्स कधी ती सगळी ऊब धुऊन टाकतो, कधी माणसाला हळद लागल्यासारखं करतो. आम्ही हातानं ३००० च्या आसपास ठेवतो. थोडा पिवळेपणा राहतो. राहू दे, पणत्याच होत्या ना त्या.

मंडपात गेलात तर एक वेगळी गंमत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. एका फोटोत नवरी उजळ, दुसऱ्यात काळवंडलेली, कधी आडवे पट्टे. अशा वेळी १/१२५ चं शटर १/१०० वर आणा. बहुतेक वेळा काम भागतं. काही स्वस्त एलईडी माळा मात्र कुठल्याच नियमात बसत नाहीत, त्यांच्यापासून नवरीला दोन पावलं बाजूला घ्या.

आणि लेन्सवर पैसे घालण्याआधी फुकटचा उपाय करून बघा. पणती चेहऱ्यापासून ६० सेंटीमीटरवर आहे ती ३० वर आणली की उजेड चौपट होतो. पणत्या जमिनीवर असल्या की उजेड खालून येतो आणि माणूस भुतासारखा दिसतो. पाच-सहा पणत्या ताटात ठेवा, ताट छातीच्या उंचीला, जरा एका बाजूला धरायला सांगा. पदर मात्र खोचून घ्यायला सांगा, फोटो त्याच्यानंतर.

तारांच्या आकाशाखाली माणूस हवा असेल तर ते तंत्र निराळं. तिथं पंधरा-वीस सेकंद शटर उघडं, ट्रायपॉड, आणि माणसावर फ्लॅशचा एक हलका झटका, म्हणजे तो गोठतो. त्यावर पुढं स्वतंत्र भाग करू.

प्रश्न आला होता, मोबाइलवर हे जमेल का. काही प्रमाणात जमेल. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद, म्हणून लोक जवळ जातात आणि नाक वाढतं. दोनपट झूम करा, दोन पावलं मागं या. नाइट मोडमध्ये मोबाइल अनेक फोटो एकावर एक रचतो, त्याला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ समोरच्याला "हलू नका" सांगावं लागेल. म्हणजे परत नादारच.

दुसरा प्रश्न या ताईंचा. आजीचा तो फोटो आताच्या सॉफ्टवेअरनं दुरुस्त करता येईल का? करून पाहिलं, ताई. चेहरा आला. डोळे आले, नाक आलं, सुरकुत्यासुद्धा आल्या. आईला दाखवला तर ती म्हणाली, "या बाई कोण?" बरोबरच होतं. माहिती फोटोत नव्हतीच, सॉफ्टवेअरनं ती हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून भरली होती. ती फाइल आम्ही पुसून टाकली. मूळ फोटो घरी देवघराबाहेर लावलाय, पणत्या स्वच्छ आणि आजीच्या हातांचा धूर, तसाच.