नव्या डिझेल गाडीतील काजळीची गाळणी व तिचा पिवळा दिवा



ऊस विकास खात्याने लागण-खोडव्यावर लिहावे, मोटारीवर नव्हे, हे आम्हांला मान्य आहे. पण अलीकडे गट ऑफिसात बेण्याच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी होऊ लागली आहे. "साहेब, गाडीत पिवळा दिवा लागलाय. मेकॅनिक म्हणतो जाळी काढून टाकू. काय करू?" काढू नका, हे उत्तर आम्ही उभ्याउभ्या देतो. कारण सांगायला मात्र वेळ पुरत नाही, म्हणून हे चार शब्द.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले. त्यानंतर निघालेल्या बहुतेक डिझेल जीपगाड्यांत सायलेन्सरच्या नळीवर, इंजिनाच्या बाजूला, एक गाळणी बसवलेली असते. हीच ती डीपीएफ. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक लांब भोके असतात. एक भोक पुढून बंद, तर शेजारचे मागून बंद. त्यामुळे धुराला भोकाच्या भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावे लागते आणि काजळी आत अडकते. जी काजळी पूर्वी आपल्या छातीत जायची ती आता गाळणीत राहते, एवढाच फरक.

आता गाळणी म्हटली की ती भरणारच. चहाची गाळणी आपण झटकतो; ही गाळणी आतली काजळी जाळून मोकळी होते. गाडी हमरस्त्यावर लांब पळाली की धूर तापतो आणि काजळी आपोआप थोडीथोडी जळत राहते. तेवढ्याने भागले नाही तर गाडीतील संगणक थोडे जादा डिझेल सोडून गाळणीतील उष्णता सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो व साचलेली काजळी जाळतो. या कामाला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात. त्या वेळी इंजिनाचा आवाज किंचित बदलतो, गरम वास येतो, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. हा बिघाड नव्हे.

घोटाळा आपल्या वापरात आहे. घरापासून मळा दोन किलोमीटर, मळ्यापासून सोसायटी तीन. गळीत हंगामात वजनकाट्याच्या रांगेजवळ ट्रॅक्टरची वाट पाहत एसीसाठी गाडी तासभर चालू ठेवणारेही आहेत. अशाने धूर कधी पुरेसा तापतच नाही. संगणकाने जाळायला सुरुवात केली की आपण किल्ली फिरवून गाडी बंद करतो. असे वरचेवर झाले की जादा सोडलेले डिझेल पूर्ण न जळता पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइलच्या पट्टीवर पातळी कमी होण्याऐवजी वर चढलेली दिसली तर खूष होऊ नये. ते डिझेल आहे. ऑइल पातळ होऊन इंजिनाची झीज होते. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी पळवू नये.

पिवळा दिवा स्थिर लागला म्हणजे काजळी वाढली आहे, एक सलग फेरी मारा, असा निरोप समजावा. टाकीत पुरेसे डिझेल असावे, कारण पातळी रिझर्व्हला आली की पुष्कळ गाड्या जाळण्याचे काम सुरूच करीत नाहीत. मग मोकळ्या रस्त्याला लागून ताशी साठच्या आसपास, एक गिअर खाली ठेवून, इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या वर राहतील अशी वीस-पंचवीस मिनिटे न थांबता चालवावी. बहुधा दिवा विझतो. नेमका वेग व फेरे कंपनीच्या पुस्तकात असतात. ते पुस्तक डिकीत प्लॅस्टिकमध्ये तसेच गुंडाळलेले असते, ते एकदा उघडावे.

दिवा लुकलुकू लागला, त्याच्या जोडीला इंजिनाचा दिवा आला किंवा गाडी ओढेनाशी झाली, तर मात्र पळवू नये. इतकी काजळी एकदम पेटली तर गाळणी तडकते किंवा वितळते. सावकाश वर्कशॉपला न्यावी. तेथे यंत्र जोडून उभ्या गाडीतच काजळी जाळता येते. नुसता कोड खोडून दिवा घालवणाऱ्यापासून सावध असावे. नवी गाळणी घ्यावी लागली तर एकराच्या ऊसबिलाचा चांगला लचका तुटतो.

दर आठ-पंधरा दिवसांनी दिवा परत येत असेल तर दोष बहुधा गाळणीचा नसतो. गळका इंजेक्टर, ऑइल खाणारा टर्बो, चोंदलेला एअर फिल्टर यांतून काजळी जास्त येते. कधी गाळणीचा दाब मोजणारी रबरी नळी चिरलेली असते, आणि गोडाऊनशेजारी उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली असते. ते आधी पाहायला सांगावे.

काजळी जळते, पण राख जळत नाही. ही राख मुख्यतः इंजिन ऑइलातून येते व कायम साचत जाते. म्हणून पुस्तकात लिहिलेले कमी राखेचेच ऑइल घालावे. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले ओतू नये.

काही गाड्यांत डीईएफ नावाच्या द्रवाची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे कळल्यावर एका सभासदाने आम्हांला विचारले, "मग घरचाच युरिया कालवला तर?" अजिबात नको. तो द्रव अतिशुद्ध युरिया व क्षारविरहित पाण्याचा असतो. आपला युरिया निंबोळी तेलाचा, पाणी विहिरीचे. सारी यंत्रणा जाम होईल.

जाळी पोकळ करून देणारे स्वस्तात काम करतात. परंतु त्यासाठी संगणकातही फेरफार करावा लागतो, गॅरंटी जाते, आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारास मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

शेवटची गोष्ट आमच्या खात्याची. गाळणी जळत असताना गाडीखालचा भाग अतिशय तापतो. तोडणी चालू असलेल्या फडात वाळल्या पाचटावर गाडी नेऊन उभी केली तर पाचट पेटू शकते. मग शेजारचा उभा ऊस, ठिबकच्या नळ्या आणि गाडी, तिन्ही जातील. फडावर येताना गाडी मोकळ्या मातीवर, पाचटापासून लांब लावावी. आणि मुकादमाच्या टोळीची खोपटी असतील तर त्यांच्यापासूनही लांब.