डिस्क चांगली, केबल कच्ची

कम्प्युटर रेंगाळायला लागला, की दुरुस्तीवाल्याचा सल्ला ठरलेला असतो : ‘एसएसडी टाकून घ्या, पळायला लागेल.’ सल्ला बरोबरच आहे. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली, तर जुना लॅपटॉपही पटकन सुरू होतो. घोळ होतो तो निवडीत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बघून आपण डिस्क घेतो, आणि केबल तर निवडतच नाही. ड्रॉवरमध्ये हाताला लागेल ती लावतो. मग डिस्क मधेच गायब व्हायला लागली, कॉपी अर्ध्यावर अडकली, की खापर डिस्कवर फुटतं.

एसएसडी झिजून मरेल, ही भीती बहुतेकांना असते. घरगुती वापरात ती सहसा झिजून मरत नाही. तिला मारणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खरेदीच्या वेळीच टाळता येतात.

झिजण्याचा हिशेब

एसएसडीतली फ्लॅश मेमरी १९८०च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी विकसित केली. तिच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात, म्हणजे सेलमध्ये, विद्युतभार कोंडून माहिती साठवली जाते. एका सेलमध्ये एकच बिट ठेवायचा असेल तर भाराच्या दोन पातळ्या पुरतात. तीन बिटांना आठ पातळ्या लागतात, चार बिटांना सोळा. तीन बिटांच्या प्रकाराला टीएलसी म्हणतात, चार बिटांच्या प्रकाराला क्यूएलसी. पातळ्या जितक्या दाटीने तितकी डिस्क स्वस्त. पण लिहिण्याचा वेग कमी आणि झीज लवकर.

किती झीज सोसेल, हे कंपनी टीबीडब्ल्यू या आकड्यात सांगते. एकूण इतके टेराबाइट लिहून झाले की वॉरंटी संपली, असा त्याचा अर्थ. सॅमसंगच्या १ टीबीच्या ८७० ईव्हीओला ५ वर्षं किंवा ६०० टेराबाइट, यातलं जे आधी होईल ते, अशी वॉरंटी आहे. ६०० टेराबाइट म्हणजे ६ लाख जीबी. पाच वर्षांवर वाटले तर रोजचे सुमारे ३२८ जीबी! ब्राउझिंग, ऑफिसचं काम, फोटो असा वापर असलेल्या घरात रोज ३० जीबी लिहिले जातात असं धरलं, तरी मर्यादा गाठायला ५० वर्षांहून जास्त लागतील. तेव्हा टीबीडब्ल्यू बघावा तो कंपनीचा आपल्या मालावर किती भरवसा आहे, हे कळण्यासाठी. तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कला वॉरंटी ३ वर्षांची आणि टीबीडब्ल्यूही निम्मा असेल, तर स्वस्ताईचं कारण तिथेच लिहिलेलं असतं.

खोक्यावर न छापलेलं

खोक्यावरचा वेग खरा असतो, पण थोड्या वेळापुरता. सेलचा काही भाग डिस्क एका बिटाच्या पद्धतीने वापरते आणि आधी तिथे भराभर लिहून घेते. तो भाग भरला की मूळ वेग उघडा पडतो. सॅमसंगचीच १ टीबीची ८७० क्यूव्हीओ सुरुवातीला सेकंदाला ५३० एमबीपर्यंत लिहिते. सुमारे ४२ जीबी झाले की ८० एमबीवर येते. कंपनीच्या माहितीपत्रकात हे नोंदवलेलं आहे. लग्नाचं २०० जीबीचं शूटिंग त्यात टाकायला घेतलं, तर पहिले ४२ जीबी दीड मिनिटाच्या आत उतरतील, उरलेल्यांना अर्ध्या तासाहून जास्त लागेल. व्हिडिओ एडिटिंगवाल्याने टीएलसीच घ्यावी. फक्त सिनेमे आणि जुने फोटो ठेवायचे असतील, तर क्यूएलसीही चालेल.

दुसरी गोष्ट फर्मवेअरची. एसएसडी हा स्वतःच एक छोटा कम्प्युटर असतो, आणि त्याचा प्रोग्रॅम चुकला की धडधाकट चिप्सही निकामी ठरतात. २०१९मध्ये एचपी एंटरप्राइझने सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला होता : बरोबर ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास चालल्यावर त्या बंद पडणार, आणि त्यातला डेटाही परत मिळणार नाही. एकाच दिवशी बसवलेल्या सगळ्या डिस्का एकाच वेळी जाणार, म्हणजे एकीची दुसरीवर ठेवलेली प्रतही कामाची नाही. उपाय साधा होता, फर्मवेअर बदलणं. क्रुशलच्या एम-४ या डिस्कमध्येही ५,१८४ तासांनंतर अडकण्याचा दोष होता. २०१२च्या सुरुवातीला कंपनीने नवं फर्मवेअर देऊन तो काढला. म्हणून डिस्क बसवल्यावर कंपनीचं सॉफ्टवेअर उतरवून फर्मवेअर तपासणं, हे पहिल्याच दिवसाचं काम.

तिसरा शत्रू वीज. लिहिणं चालू असताना वीज गेली, तर कोणती माहिती कुठे ठेवली आहे याची डिस्कची अंतर्गत नोंदवही बिघडू शकते. डेटा सेंटरच्या डिस्कवर अशा वेळी काम पूर्ण करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असतात. घरगुती डिस्कवर बहुधा नसतात. लॅपटॉपला बॅटरी आहे. डेस्कटॉपवाल्याने, विशेषतः जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे, महागड्या डिस्कच्या आधी यूपीएस घ्यावा.

आधी खाच बघा

कम्प्युटरच्या आत बसणारी एसएसडी मुख्यतः दोन रूपांत येते. एक अडीच इंची चपट्या डबीची, साटा केबलने जोडायची. दुसरी एम-डॉट-टू, च्युइंगगमच्या पट्टीएवढी. तिच्यावर २२८० लिहिलेलं असेल, तर रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर. गफलत इथे होते : सारख्या दिसणाऱ्या या पट्टीत साटाही असते आणि जास्त वेगवान एनव्हीएमईही. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही. एनव्हीएमई मदरबोर्डवरच्या पीसीआयई जोडणीतून चालते : पीसीआयई-३वर साडेतीन हजार एमबी गाठते, पीसीआयई-४वर सात हजार. बहुतेक एनव्हीएमई पट्ट्यांच्या सोनेरी टोकाला एक खाच असते, साटाच्या पट्ट्यांना दोन. मदरबोर्डवरचा स्लॉट यातली कोणती घेतो, हे मॅन्युअलमध्ये बघूनच दुकानात जावं. स्लॉट नुसता साटाचा असेल, तर महागडी एनव्हीएमई त्यात दिसणारच नाही.

दोषी केबल

साटाची डेटा केबल म्हणजे सात पिनांचं इंग्रजी एल आकाराचं तोंड. जास्तीत जास्त लांबी १ मीटर. ‘साटा-३ स्पेशल’ म्हणून वेगळी केबल गळ्यात मारली जाते, पण चांगल्या बनावटीची जुनी केबलही तोच वेग देते. बघायचं ते हे : तोंडाला धातूची छोटी क्लिप आहे का, बसवल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो का, आणि कॅबिनेटचं झाकण लावल्यावर केबल काटकोनात मोडत नाही ना. हा जोड सारखा काढण्या-घालण्यासाठी बनवलेलाच नाही. साध्या कनेक्टरची हमी अवघ्या ५० वेळांची असते.

केबलचा दोष पकडायला एक आकडा पुरतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं, की डिस्कच्या तब्येतीची यादी दिसते. त्यात बहुतेक साटा डिस्कांना १९९ क्रमांकाची नोंद असते, सीआरसी एरर काउंट. या सॉफ्टवेअरमध्ये ती सी-७ अशी दिसते. डेटा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर किती वेळा खराब झाला, याची ती मोजणी. आकडा वाढत असेल, तर आधी केबल बदला. बदलल्यावर तो शून्यावर येत नाही, त्यामुळे घाबरू नका. तिथेच थांबला, तर दुखणं केबलचं होतं. थांबला नाही, तर मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरून बघा. डिस्कला शेवटी दोष द्या.

विजेच्या केबलबाबत तर जास्तच जपायला हवं. कम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसला साटाचं तोंड कमी पडलं, की मोलेक्स या जुन्या पद्धतीच्या तोंडावरून साटाचा कन्व्हर्टर लावतात. ज्यात तारांभोवती प्लॅस्टिक ओतून तोंड सीलबंद केलेलं असतं, ते कन्व्हर्टर शॉर्ट होऊन जळाल्याचे प्रकार झाले आहेत. प्रत्येक तार वेगळी खोचलेली दिसते तो प्रकार घ्यावा. त्याहून बरं म्हणजे एसएमपीएसचीच मूळ तार वापरावी.

बाहेरून जोडायच्या एसएसडीचं दुखणं यूएसबी-सी केबलचं. तोंड सारखं, पोटात वेगळं. पुष्कळ चार्जिंग केबलींमध्ये यूएसबी-२पुरत्याच तारा असतात. केबलवर छापलेले ६० किंवा २४० हे वॅट असतात, त्यांचा डेटाच्या वेगाशी काही संबंध नाही. अॅपलची २४० वॅटची चार्ज केबलही डेटा यूएसबी-२च्याच वेगाने नेते. अशा केबलने १० जीबीची फाइल न्यायला चार मिनिटांच्या वर लागतात. १० जीबीपीएसच्या केबलने, डिस्क आणि पोर्ट तेवढं असेल तर, दहा-बारा सेकंद. म्हणून पाकिटावर जीबीपीएसचा आकडा स्पष्ट असेल तीच केबल घ्यावी, शक्यतो एक मीटरच्या आतली. डिस्कबरोबर आलेली केबल मोबाइल चार्जिंगला देऊ नये.

बिल, चाचणी, दुसरी प्रत

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी तपासा. ‘१६ टीबी’च्या अतिस्वस्त बाह्य डिस्का म्हणजे निव्वळ फसवणूक, आत छोटी चिप असते, आणि ती कम्प्युटरला खोटी क्षमता सांगते. जागा संपली की नवी फाइल जुनीवर लिहिली जाते, आणि फोटो उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर डिस्क पूर्ण भरून परत वाचून दाखवतं. रिटर्नची मुदत संपण्याआधी ही चाचणी उरकावी. मात्र १ टीबीच्या अस्सल डिस्कवर विंडोजने ९३१ जीबी दाखवले तर भांडायला जाऊ नका. तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

आणि एसएसडी भरून कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नका. वीज न मिळाल्यास कोंडलेला भार हळूहळू गळतो. घरगुती डिस्कने लेखनाची मर्यादा संपल्यावर, ३० अंश तापमानात, विजेविना १ वर्ष डेटा टिकवावा, एवढीच जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नव्या डिस्कवर तो बराच जास्त टिकतो. तरी मुलांचे फोटो तेवढ्या भरवशावर सोडू नयेत. दुकानात सर्वांत वेगवान एनव्हीएमई आणि तिच्या खालची, यांत दोन हजारांचा फरक दिसला, तर खालची घ्या. उरलेल्या पैशांत चांगली केबल आणि बॅकअपसाठी साधी हार्ड डिस्क यांची सोय करा. वेगातला तो फरक रोजच्या कामात जाणवणारही नाही, दुसरी प्रत मात्र हवी तेव्हा हवीच असते.